केस कायमचे सरळ करून घेताना

ठाण्यात गोखले रोडवरून राम मारुती रोडकडे चालत गेलं की वाटेतल्या बहुतेक सलोनच्या काचेवर तेच शब्द चिकटवलेले दिसतात: स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, केराटिन. आत जाऊन फरक विचारला तर बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "मॅम, सगळं सेमच असतं, केराटिनने शाइन जास्त येते." हे सगळं सेम नसतं. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. केसांमधले बंध दर वर्षी फळ्यावर काढते, तरी स्वतःच्या डोक्यावर ते तुटताना आणि जुळताना अनुभवणं फार वेगळं होतं. हे करून घेण्याआधी नेमकं काय होतं ते कोणीतरी नीट सांगायला हवं होतं असं मला वाटत राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझे केस खांद्याच्या खाली, दाट आणि स्प्रिंगसारखे नाही पण चांगले कुरळे. त्यांच्याविषयी मला राग नव्हता. सकाळी सातचं लेक्चर, त्यासाठी ठाण्याहून वाशीची लोकल, आणि जून ते सप्टेंबर हवेत भरलेला ओलावा. घरी इस्त्री फिरवून निघायचं आणि ऐरोली येईपर्यंत कपाळाजवळच्या बटा पुन्हा वळायला लागायच्या. त्याचं कारण साधं आहे. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांब साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध हायड्रोजनचे असतात. ते पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि केस कोरडे किंवा थंड झाले की जिथे असतील तिथे पुन्हा बसतात. घरची इस्त्री फक्त एवढेच बंध हलवते. दमट हवा लागली की तिची मेहनत संपली.

दुसरे बंध गंधकाचे, डायसल्फाइडचे. ते पाण्याला दाद देत नाहीत. कुरळ्या केसाचा आकार टिकवून धरतात ते हेच. रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंग या दोन्हींत हे बंध रसायनाने तोडतात, केस सरळ करतात आणि त्या सरळ अवस्थेत बंध पुन्हा जोडतात. रिबॉन्डिंगमध्ये काम कडक होतं आणि केस अगदी रेषेसारखे पडतात. स्मूदनिंगमध्ये क्रीम सौम्य, त्यामुळे थोडा फुगवटा राहतो. केराटिन ट्रीटमेंटचा मार्ग निराळा. त्यात केसांवर द्रावण लावून गरम इस्त्रीने त्याचा थर बसवतात, तो काही महिन्यांत धुऊन जातो. आणि यातल्या बऱ्याच द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सुटतो.

हे मला आधी माहीत होतं म्हणून बरं. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या, चकचकीत सलोनमध्ये मी चौकशीला गेले तेव्हा शेजारच्या खुर्चीवर कोणाचं तरी केराटिन चालू होतं. इस्त्री केसांवरून फिरली की पांढरा धूर उठायचा. डोळे चुरचुरले, आणि वास ओळखीचा निघाला. आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत बरण्यांमध्ये बेडूक आणि साप ज्यात ठेवलेले असतात, त्या फॉर्मॅलिनचा. मी विचारलं तर बाटली दाखवली, तिच्यावर फॉर्मल्डिहाइड नाही असं छापलेलं होतं. अशा लेबलांचा घोळ जुना आहे. बाटलीत मिथिलीन ग्लायकॉल लिहिलेलं असतं, म्हणजे पाण्यात विरघळलेला फॉर्मल्डिहाइडच. उष्णता लागली की तो हवेत येतो. 2011 मध्ये अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने सलोनवाल्यांना याबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण लेबलवर फॉर्मल्डिहाइडचं नाव नसलेल्या उत्पादनांमधूनही तो हवेत सापडला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्या खोलीत खिडकी नव्हती, एसी बंद खोलीतलीच हवा फिरवत होता. मी कार्ड घेतलं आणि निघाले.

अलीकडे फॉर्मल्डिहाइड टाळायचा म्हणून ग्लायॉक्सिलिक आम्ल असलेली द्रावणं आली आहेत. त्यांनाही मी हात जोडले. एका तरुण मुलीचं मूत्रपिंड दर वेळी असं स्ट्रेटनिंग केल्यावर बिघडत गेल्याची नोंद 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली होती. हे आम्ल त्वचेतून आत जाऊन त्याचं ऑक्झलेट होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात, असं त्या डॉक्टरांनी उंदरांवर करून दाखवलं. बाटली मागून वाचण्याची सवय आपण खाण्याच्या पाकिटांना लावली, सलोनमध्येही ती हवी.

मला शेवटी जी जागा मिळाली ती नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खुर्च्या मोजक्या, खिडक्या दोन्ही बाजूंना, आणि छताजवळ चालू असलेला एक्झॉस्ट पंखा. चालवणाऱ्या ताई माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी किंमत सांगायच्या आधी माझे केस हातात घेतले आणि प्रश्न सुरू केले. मेंदी लावता का? लावत असाल तर हिरवी की काळी? रंग कधी केला होता? टाळूवर फोड, जखम, सोरायसिस? कुठली औषधं चालू आहेत का? दिवस गेलेत का, बाळ अंगावर पितं का? मग एक प्रश्न, जो मला फार आवडला: "घरी पाणी कुठलं येतं, टँकरचं?"

आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकर येतातच. बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम केसांवर बसतं आणि क्रीम सगळीकडे सारखं आत शिरत नाही, म्हणून आधी वेगळ्या शाम्पूने ते उतरवावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. मेंदीचं उत्तर मी दिलं, नुसती पाल्याची हिरवी. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि तरीही मानेजवळची थोडी बट कापली. काचेच्या वाटीत हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात अमोनियाचे थेंब, त्यात ती बट. "काळ्या मेंदीत धातूचे क्षार असतात. असले तर वाटी तापते, बुडबुडे येतात. पुड्यावर नॅचरल लिहिलेलं असतं, बायकांचा काय दोष." पेरॉक्साइडचं धातूच्या क्षारामुळे झपाट्याने होणारं विघटन मी मुलांना परीक्षानळीत दाखवते. तोच प्रयोग नौपाड्यातल्या पार्लरमध्ये बघून मला खरंच आनंद झाला. वाटी थंड राहिली.

मग एक केस पाण्याने ओला करून दोन बोटांत हळूच ताणला. निरोगी ओला केस लांबीच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि सोडल्यावर परत येतो. माझा मधला भाग परत आला, टोकाचा तुटला. तिथे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या रंगाचा भाग उरला होता. "ही टोकं कापू, मगच करू. नाहीतर आत्ता छान दिसतील आणि पुढे फाटे फुटतील." कानामागे क्रीमचा ठिपका लावून दोन दिवस बघायला सांगितलं, आणि रिबॉन्डिंग नको, स्मूदनिंग करा असंही सुचवलं, कारण कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस बारीक होते. खर्च साडेसहा हजार सांगितला. त्या दिवशी एक रुपयाही घेतला नाही.

काम दिवाळीच्या सुट्टीत ठरलं. पाऊस संपलेला, कॉलेज बंद. सकाळी दहाला बसले ते चार वाजून गेल्यावर उठले.

पहिली धुलाई वेगळ्या शाम्पूने, कंडिशनरशिवाय, आणि नखं न लावता. टाळूवर ओरखडा असेल तर नंतर क्रीम तिथे चावतं. केस वाळवून चार भाग करून चापांनी बांधले. क्रीम मानेकडून सुरू केलं, बारीक थर घेत, आणि प्रत्येक थरात मुळापासून अर्धा-पाऊण इंच सोडून. ताईंची मदतनीस मुलगी ते लावत होती आणि ताई तिच्या मागे उभ्या राहून फक्त एवढंच बघत होत्या, की कंगवा ओढून चालत नाही ना. या अवस्थेत केस मऊ पडलेला असतो, जोर लावला की ताणून तुटतो.

वास अमोनियाचा, आणि त्याच्याखाली कुजलेल्या अंड्याकडे झुकणारा गंधकाचा. क्रीममध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट होतं. अमोनियामुळे द्रावण अल्कधर्मी होतं, केस फुगतो आणि बाहेरचे खवले उघडतात. थायोग्लायकोलेट आत जाऊन गंधकाच्या जोडीला हायड्रोजन देतं आणि जोडी सुटते. वर्गात याला मी क्षपण म्हणते. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. थायोग्लायकॉलिक आम्लाने केराटिनचे हे बंध तोडता येतात हे 1934 मध्ये गॉडार्ड आणि मायकेलिस या दोघांनी दाखवलं. हा मायकेलिस म्हणजे विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, वेगाचं मायकेलिस-मेंटेन समीकरण ज्याच्या नावाने शिकवतात तोच. केस कुरळे करण्याचं थंड पर्मिंग त्या कामातून निघालं, आणि सरळ करण्याचं हे क्रीमसुद्धा. रसायन तेच, केस रोलरवर गुंडाळला की कुरळा आणि इस्त्रीखाली ताणला की सरळ. डोक्यावर क्रीम घेऊन मी हे सगळं त्या मदतनीस मुलीला सांगत बसले आणि तीही हात थांबवून ऐकत होती.

आता जो भाग येतो त्यातच सगळं आहे असं माझं मत झालंय. क्रीमच्या डब्यावर वेळ छापलेली असते. ती ताईंनी घड्याळात लावली, पण तिच्यावर विसंबल्या नाहीत. दहा मिनिटं झाल्यावर एक बट घेतली, क्रीम पुसलं, कंगव्याच्या दांड्याभोवती गुंडाळली, किंचित ओढली, सोडली. पुन्हा पाच मिनिटांनी दुसरीकडची बट. भात झाला का बघायला शीत चेपून बघतात तसं. बट लगेच मागे गेली तर बंध अजून शाबूत, ओढली की लांबत जाऊन तशीच लोंबली तर प्रकरण हाताबाहेर गेलं. या दोन्हींच्या मधली एक अवस्था असते, ती बोटांनाच कळते. सगळे बंध तोडायचे नसतात. पुरेसे तुटले की थांबायचं असतं, कारण त्यापुढे तुटतो तो केस.

आणि माझ्या डोक्यावर ही अवस्था सगळीकडे एकदम आली नाही. कपाळाकडचे बारीक केस आधी तयार झाले. मानेवरचे जाड केस ढिम्म हलले नव्हते. ताईंनी पुढचं क्रीम ओल्या कापसाने पुसून काढलं, मागचं तसंच ठेवलं, आणि काही मिनिटांनी मला बेसिनवर नेलं. डब्यावरच्या वेळेने काम करणाऱ्याच्या हाती माझे पुढचे केस त्या दिवशी संपले असते. ज्या बायका "माझे केस स्ट्रेटनिंगने जळाले" असं सांगतात, त्यांच्यापैकी कित्येकींचं याच पंधरा-वीस मिनिटांत बिघडलेलं असणार.

धुणं कंटाळवाणं आणि लांबलचक. मान बेसिनच्या कडेवर अवघडली. पण क्रीमचा अंश राहिला तर तो इस्त्रीखाली काम करत राहतो, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि त्यानंतरही त्या धूत राहिल्या.

मग केस पूर्ण वाळवायचे. पूर्ण म्हणजे अगदी कोरडेठाक. केसाच्या आत पाणी असताना तापलेली इस्त्री लागली की त्याची वाफ होते आणि केसाच्या आतच फुगे धरतात, तिथून तो मोडतो. वाळल्यावर इस्त्री, 180 अंशांवर, कपाळाकडे त्याहून कमी. पेन्सिलीएवढ्या जाडीचे थर, प्रत्येकावरून तीन-चार वेळा, मुळापासून टोकापर्यंत न थांबता. सगळ्यात जास्त वेळ याला लागला. मधे मला चहा आणि वडापाव मिळाला, त्या दोघींनी उभ्यानेच चहा घेतला.

मी ताईंना विचारलं की केराटिन का करत नाही, मागणी तर त्यालाच जास्त आहे. त्या म्हणाल्या, "करत होते. रोज दोन-तीन व्हायची. रात्री घरी गेले की डोळे लाल आणि छाती घट्ट. मग एका डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? तेव्हापासून बंद." हे ऐकून मी गप्प झाले. आपण वर्षातून एकदा त्या खुर्चीत बसतो. त्या धुरात रोज उभं राहणारी एखादी कळव्याची, दिव्याची मुलगी असते, महिना ठरावीक पगारावर, आणि तिने मालकाला एक्झॉस्ट लावा म्हणून सांगायची सोय नसते. आपण गिऱ्हाईक म्हणून सांगू शकतो. खिडकी उघडा, हातमोजे घाला, हे म्हणायला मला आता अजिबात संकोच वाटत नाही.

शेवटचा टप्पा न्यूट्रलायझरचा. पेरॉक्साइड असलेलं पांढरं दूध केसांवर लावलं, आणि मला ताठ बसवून मान हलवायची नाही असं बजावलं. क्षपणाने सुटलेल्या गंधकाच्या जोड्या इथे ऑक्सिडीकरणाने पुन्हा जुळतात, आता सरळ केसातल्या नव्या जागी. याच वेळी केस कुठे दुमडलेला राहिला तर ती घडीही पक्की होते. म्हणून भांगापाशी, कानामागे, सगळीकडे ताई बोटांनी केस सपाट करत होत्या. मग शेवटची धुलाई, मास्क, वाळवणं, टोकं कापणं.

आरशात बघितलं आणि मला फार आनंद झाला. कॉलेजात असल्यापासून मला एकदा तरी असे केस हवे होते. त्याला दुसरं कारण असायची गरज नाही.

तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, चाप लावायचा नाही, कानामागे सारायचे नाहीत. मोकळे केस घेऊन फोडणी कशी घालणार? सासूबाईंनीच सांगितलं, "तीन दिवस तू गॅसपाशी येऊ नकोस," आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. उशीवर जुनी रेशमी ओढणी पसरून झोपले. घामाने मानेजवळचे केस ओलसर झाले की लगेच थंड हवेवर ड्रायर फिरवायचे.

पहिल्या धुण्यानंतर एक गोष्ट कळली जी कोणी आधी सांगत नाही. केस कमी वाटतात. कुरळ्या केसांचा फुगवटा गेला की भांग रुंद दिसतो, शेपटी बोटभर होते. मी दोन आठवडे रोज कंगव्यातले केस बघत होते. गळणं वाढलेलं नव्हतं, पण आरशातला तो बदल अंगवळणी पडायला वेळ गेला. ज्यांचे केस मुळात विरळ आहेत त्यांनी हा विचार आधी करावा.

पंधरा दिवसांनी नारळाचं तेल सुरू केलं, धुण्याच्या आदल्या रात्री. इथे आपल्या घरच्या सवयीला आधार आहे. मुंबईतल्याच रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातून निघून जाणारं प्रथिन कमी केलं ते फक्त खोबरेलाने, कारण त्याचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. शाम्पू सल्फेट नसलेला घेतला.

माझी मुलगी नऊ वर्षांची, केस थेट माझे. तिने लगेच विचारलं, "आई, माझे कधी सरळ करायचे?" मी तिला सांगितलं, आत्ता नाही, आणि मोठी झाल्यावर तुला हवं असेल तर आपण दोघी मिळून बाटल्या वाचू. तिचे केस मी पूर्वी कोरडे विंचरायची तशी आता विंचरत नाही. ओले असताना कंडिशनर लावून बोटांनी गुंता सोडवते, मग रुंद दातांचा कंगवा. शाळेत कोणीतरी तिला "मॅगी" म्हणतं. त्या आठवड्यात मी शाळेत जाऊन तिच्या बाईंशी बोलले. माझे सरळ केस हे तिच्या कुरळ्या केसांविरुद्धचं मत आहे असं तिला वाटू नये, याची काळजी मला केसांच्या काळजीहून जास्त वाटते.

आणि दर सहा महिन्यांनी मी हे करणार नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 33 हजारांहून जास्त बायकांच्या दीर्घ पाहणीत दिसलं की केस सरळ करणारी उत्पादनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 4.05 टक्के, तर कधीच न वापरणाऱ्यांमध्ये 1.64 टक्के. उत्पादनांची नावं त्यात विचारलेली नव्हती आणि एकाने दुसरं घडलं असं त्यावरून सिद्ध होत नाही. तरी वारंवार वापराबद्दल सावध व्हायला मला एवढं पुरेसं आहे.

सरळ झालेला केस सरळच राहतो, पण टाळूखालचं मूळ बदलत नाही, त्यामुळे नवीन केस कुरळाच येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. आता माझ्या भांगापाशी चार बोटं कुरळे आणि खाली सरळ असं झालंय. हा जोड नाजूक असतो, दोन पोतांच्या मधे केस तिथेच मोडतो, म्हणून मी घट्ट पोनी बांधत नाही. वर्ष झालं की टच-अपला जाईन. ताईंनी निघताना एका कार्डावर क्रीमचं नाव, त्याची ताकद, पुढच्या आणि मागच्या केसांना दिलेली वेगवेगळी मिनिटं आणि इस्त्रीचं तापमान लिहून दिलं होतं. त्याचा फोटो फोनमध्ये आहे. पुन्हा त्यांच्याकडेच जायचंय, पण त्यांचं दुकान हललं किंवा आमचं घर बदललं तर नव्या ठिकाणी खुर्चीत बसायच्या आधी तो फोटो दाखवीन, आणि क्रीम फक्त नव्या वाढीवरच लावायचं, आधी सरळ केलेल्या केसावर एक ठिपकाही जाऊ द्यायचा नाही, हे कबूल करून घेईन.